आज्जाकडून शिकारीच्या आठवणी लिहून घेताना

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या जांबोटी, कणकुंबी, हेमाडगा या जंगलपट्ट्यात सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या अनेकांच्या बालपणात शिकार होती. ती साहेबी शौकाची नव्हे, तर घरच्या कालवणासाठी केलेली होती. या आठवणी लिहून घेऊ इच्छिणाऱ्याने एक प्रश्न मात्र टाळावा: ‘आज्जा, तुम्ही शिकार करत होता का?’ त्यावर एक तर साफ नकार मिळतो, नाहीतर गव्यापुढे उभे राहिल्याची एखादी रंगवलेली गोष्ट ऐकावी लागते.

सुरुवात जेवणापासून करावी. आषाढ-श्रावणात कणगीतले भात तळाला गेले की घरात काय शिजायचे, नाचणी किती दिवस पुरायची, असे विचारले की बोलणे आपोआप ओढ्याकडे वळते. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरणे आणि दगडाखालचे खेकडे काढणे यांना शिकार म्हणावे असे बहुतेकांना वाटतच नाही. पण जनावर कुठे दडते आणि कधी बाहेर पडते, हे मूल तिथेच शिकत असे. त्यानंतर वयाच्या क्रमाने पुढे जावे. सायकलच्या ट्यूबचे रबर लावलेली गलोल, तिने पाडलेला होला पक्षी, सशासाठी लावलेला फास आणि शेवटी थोरांबरोबर हाक्याला, म्हणजे आवाज करून जनावर बंदूकवाल्याकडे हुसकायला जाणे, अशा प्रत्येक पायरीवर कोणी शिकवले, काय चुकले की मार बसायचा आणि वारा कोणत्या बाजूचा आहे हे कसे ओळखायचे, ते विचारावे. ‘मग काय झाले?’ या प्रश्नापेक्षा ‘तुम्ही नेमके कुठे उभे होता?’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो, कारण हाक्यात डबे वाजवणाऱ्या पोराने जे पाहिले ते बंदूकवाल्याने पाहिलेले नसते.

आज्जीलाही स्वतंत्रपणे बसवून विचारावे, आणि ते पुरुष मंडळी समोर नसताना. पुरुष जनावर केवढे होते ते सांगतात. ते किती घरांत वाटले गेले, कोणाला वाटा मिळाला नाही, मटण घरात शिजले की परड्यात तीन दगडांवर, हे बायकांच्या लक्षात असते. माझ्या मते वाट्यांचा हा हिशेब बारकाईने टिपल्याशिवाय शिकारीची हकिकत पूर्ण होत नाही. गोळी घालणाऱ्याचा, हाकाऱ्यांचा आणि कुत्र्यांचा वाटा वेगवेगळा विचारला की गावातील मानपान आणि टंचाई दोन्ही उघड होतात.

वर्षे विचारून उपयोग नसतो, खुणा विचाराव्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग म्हैसूर राज्यात गेला त्याआधीची गोष्ट की नंतरची, ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाच्या वेळी आज्जा शाळेत होते की गुरांमागे, १९७२ च्या दुष्काळात काय खाल्ले, अशा खुणांवरून काळ पुरेसा जुळतो. काळ जुळवणे कायद्याच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातील परवान्यावरील शिकारीची सोय १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली, आणि पुढे २०११ मध्ये याच तालुक्यातील भीमगड अभयारण्य घोषित झाले. म्हणून अलीकडची कोणतीही हकिकत नावानिशी लिहू नये, ध्वनिमुद्रितही करू नये. भिंतीवर जुनी शिंगे दिसली तर त्यांचे फोटो काढून गटावर टाकू नयेत. मालकीच्या प्रमाणपत्राशिवाय अशी वस्तू बाळगता येत नाही, हे घरच्यांना शांतपणे सांगून वनखात्याच्या कार्यालयात विचारणा करण्यास सुचवावे.

सर्वांत कठीण भाग म्हणजे जनावरांविषयीची भावना. ‘तेव्हा वाईट वाटले नाही का?’ असे विचारले की ऐकणाऱ्याला आवडेल तेच उत्तर मिळते. त्याऐवजी काय मारायचे नाही, असे विचारावे: गाभण मादी, देवाच्या राईतले जनावर, घरट्यावरचा पक्षी. नियम सांगताना माणूस तो कधी मोडला हेही बहुधा सांगून जातो. रात्रभर माळ्यावर राखण करूनही रानडुकरांनी रताळ्याचा वाफा उकरून टाकलेला ज्याने पाहिला आहे, त्याच्या बोलण्यात राग आणि त्या जनावराच्या हुशारीचे कौतुक एकाच वाक्यात येते. ते वाक्य जसेच्या तसे, बोलीसह, कानडी शब्दांसह उतरवावे. त्याला पराक्रमाचा किंवा पश्चात्तापाचा साज चढवू नये. प्राण्याचे नाव मात्र वर्णनावरून पडताळावे. ‘हरिण’ म्हटले तर ते कुत्र्यासारखे भुंकायचे का ते विचारावे, म्हणजे भेकर होते की दुसरे काही, ते कळते.

लिहून झालेला मजकूर आज्जांना मोठ्याने वाचून दाखवावा आणि ते म्हणतील तेवढा भाग विनातक्रार खोडावा. मजकूर गावाबाहेर जाणार असेल, तर साळिंदरांची बिळे, पाणवठे आणि गुहा यांच्या वाटा त्यातून काढून टाकाव्यात. याच जंगलातील बारापेडे गुहेत राहणारी ‘रॉटनचे वटवाघूळ’ या जातीची वटवाघळे जगात मोजक्याच ठिकाणी आढळतात, आणि तिथे नवख्यांची वर्दळ वाढवण्याचे काम आपल्या वहीने करू नये.