असाइनमेंट पैसे देऊन लिहून घ्यायच्या विचारात असाल तर

युनिव्हर्सिटीत टीचिंग असिस्टंट म्हणून मी असाइनमेंट तपासते, त्यामुळे हे प्रकार समोरून बघितलेत. नव्या पोरांचा एक ठाम समज असतो की टर्निटिनमध्ये (कॉपी पकडायचं सॉफ्टवेअर) सिमिलॅरिटी, म्हणजे दुसरीकडच्या मजकुराशी जुळणारा भाग, कमी आली की सुटलो. अरे पण विकतचा निबंध बहुतेक वेळा नव्यानेच लिहिलेला असतो, त्यात मॅच कुठून येणार! आम्हाला खटकतं ते वेगळंच, वर्गात कधी न शिकवलेली थिअरी असते, रीडिंग लिस्टमधलं एकही पुस्तक नसतं, नाहीतर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ऑथर म्हणून भलत्याचंच नाव. मग बोलावून एवढंच विचारायचं, हा मुद्दा जरा समजावून सांग. एक जण तर स्वतःच्याच निबंधातली संज्ञा वाचताना अडखळला आणि मग गप्पच बसला, पुढे काही विचारावंच लागलं नाही.

पण पकडलं जाणं परवडलं असं म्हणायची वेळ येते, कारण विकणाऱ्याकडे तुमचं नाव, कोर्स, चॅट, पेमेंटचा पुरावा सगळं असतं, काही महाभाग तर त्याला पोर्टलचा पासवर्डसुद्धा देऊन बसतात (हे मला आजही झेपत नाही). मग काही दिवसांनी मेसेज येतो, अजून पैसे पाठव नाहीतर युनिव्हर्सिटीला मेल करतो. दिले की परत मागतो. डिग्री मिळाल्यावरही हे थांबेलच असं नाही, कारण नंतर उघड झालं तर डिग्री काढून घेता येते हे त्यालाही पक्कं माहीत असतं.

ऑस्ट्रेलियात २०२० च्या आणि इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने पैसे घेऊन असं काम करून देणं गुन्हा आहे, ऑस्ट्रेलियात तर २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण तो कायदा विकणाऱ्यासाठी, तुमच्यावर युनिव्हर्सिटीची कारवाई होते ती होतेच.

डेडलाइन अंगावर आली असेल तर ती उलटायच्या आधी एक्स्टेंशन मागा, आजारपण किंवा घरची अडचण असेल तर बऱ्याच ठिकाणी त्याची वेगळी सोय असते. अर्धामुर्धा का होईना स्वतःचा निबंध द्या, कमी मार्क पडतील, फार तर नापास व्हाल, बऱ्याच ठिकाणी परत देता येतो. आणि आधीच अडकला असाल तर अजून पैसे पाठवू नका, पासवर्ड लगेच बदला, चॅटचे स्क्रीनशॉट ठेवा आणि स्टुडंट युनियनच्या सल्लागाराला गाठा, असल्या केसेस त्यांना नवीन नसतात.