तांबड्या रश्श्याच्या गावात वाइनची चव कशी घ्यावी

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात तेव्हा जाणता व्यापारी आधी रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, रंग पाहतो, तुकडा मोडून कण तपासतो आणि खडा जिभेवर ठेवून मगच भाव बोलतो. वाइनची चव घेण्याची रीत याहून फारशी वेगळी नाही; फक्त डोळा आणि जीभ यांच्यामध्ये नाकाला बरेच मोठे काम असते. पांढऱ्या रश्श्यात खसखस कमी पडल्याचे ज्यांना पहिल्याच घोटात कळते, त्यांनी वाइनच्या यादीपुढे बुजण्याचे काहीच कारण नाही. परदेशी फळांची नावे पाठ करण्यापेक्षा आपल्या ओळखीच्या चवींशी ताडून पाहावे. चव लक्षात राहते ती त्यामुळेच.

हॉटेलात वाइन आली की ग्लास दांडीला धरावा, कारण तळहाताच्या उबेने ती लवकर तापते. पांढऱ्या नॅपकिनवर ग्लास थोडा कलता करून कडेचा रंग पाहावा. नव्या लाल वाइनची कड जांभळट असते, तर वय वाढेल तशी ती विटकरी होत जाते. मग ग्लास टेबलावरच ठेवून दोन-तीनदा गोल फिरवावा आणि नाक जवळ नेऊन सावकाश वास घ्यावा. सोव्हिन्यॉं ब्लाँ या पांढऱ्या वाइनमध्ये पिकलेला पेरू आणि चिरलेली ढोबळी मिरची सापडते, तर शिराझ या लाल वाइनमध्ये पुष्कळदा नुकतीच कुटलेली काळी मिरी सापडते. हा कल्पनेचा खेळ नाही. काळ्या मिरीला तिचा वास देणारे रोटंडोन हे द्रव्य शिराझच्या द्राक्षाच्या सालीतही असते.

पहिला घोट लहान घ्यावा आणि लगेच न गिळता तो तोंडभर फिरवावा. जिभेच्या कडांना पाणी सुटले तर आंबटपणा चांगला आहे असे समजावे. जांभळे खाल्ल्यावर हिरड्या कोरड्या पडतात आणि जीभ ओढली जाते, तसे झाले तर तो तुरटपणा, म्हणजे टॅनिन. लाल वाइनचा रस साली आणि बियांसह आंबवला जातो, म्हणून हा तुरटपणा तिच्यात अधिक असतो. गिळल्यानंतर चव किती वेळ रेंगाळते, याकडेही लक्ष द्यावे.

पूर्ण बाटली मागवल्यास वाढपी आधी थोडी वाइन ओतून थांबतो. ती आवडली की नाही हे ऐकण्यासाठी तो थांबलेला नसतो. वाइन बिघडलेली नाही ना, एवढेच तेव्हा पाहायचे असते. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बुचामुळे दोष शिरला आहे असे समजून बाटली बदलून मागावी. एकेक ग्लास विकणाऱ्या ठिकाणी मात्र बाटली कधी उघडली हे विचारणे अधिक महत्त्वाचे असते. गावातल्याच एका हॉटेलात माझ्यापुढे आलेल्या ग्लासातून सरळ व्हिनेगरचा वास येत होता. मी वाढप्याला तो हुंगायला दिला, त्याने आतून नवी बाटली आणून माझ्यासमोर उघडली आणि दोन ग्लास शेजारी ठेवल्यावर फरक आम्हा दोघांनाही कळला. शांतपणे आणि स्पष्ट सांगितले तर वाद होत नाही, असा माझा अनुभव आहे.

लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा नियम थंड मुलखातला आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये खोलीचेच तापमान तिशीपार जाते, तेव्हा लाल वाइनसाठी साधारण 16 ते 18 अंश आणि पांढरीसाठी 8 ते 10 अंश धरून बर्फाची बादली निःसंकोच मागावी.

खरी परीक्षा जेवणाबरोबर होते. तांबड्या रश्श्याबरोबर दमदार, तुरट लाल वाइन घेण्याचा मोह मलाही झाला होता, पण अल्कोहोल तिखटाचा जाळ वाढवते आणि टॅनिन त्यात तुरटपणाची भर घालते. दोन घासांत रश्श्याचा मसालाही कळेना आणि वाइनही. तीच वाटी थंड, किंचित गोडसर शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनबरोबर घेतली की गोडव्याने तिखट आवरते आणि खोबरे, तीळ, लसूण यांची चव पुन्हा मोकळी होते. पांढऱ्या रश्श्यातल्या नारळाच्या दुधाला नितळ, आंबूस बुडबुड्यांची स्पार्कलिंग वाइन शोभते, कारण ती तोंडातला स्निग्धपणा धुऊन काढते. शिराझ घ्यायचीच असेल तर ती सुक्या मटणाबरोबर घ्यावी, आणि तेही मसाला बेताचा असेल तरच.

वाइन महोत्सवाला जाताना भाकरी-भाजीचे पोटभर जेवण करून जावे. तीव्र अत्तर, मोगऱ्याचा गजरा आणि तंबाखूचे पान त्या दिवशी टाळावे, कारण त्यांच्यापुढे नाकाचे काही चालत नाही, आपलेही आणि शेजाऱ्याचेही. स्पार्कलिंग, पांढरी, रोझे म्हणजे गुलाबी, लाल आणि शेवटी गोड, असा क्रम ठेवावा आणि पाच-सहा नमुन्यांवर थांबावे. थुंकण्यासाठी ठेवलेल्या भांड्याचा वापर करण्यात लाज बाळगू नये. व्यवसायाने चव घेणारे हेच करतात. प्रत्येक नमुन्यामागे पाणी प्यावे आणि वहीत एक ओळ लिहावी. गाडी चालवणाऱ्याने मात्र घोटही घेऊ नये. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, पण ती आपल्याला चवीवरून मोजता येत नाही.

प्रवासासाठी कोल्हापूरकरांना अकलूजची दिशा सोयीची आहे. तिथल्या फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या मळ्यांतून येणारी सेत्ते ही सांजिओवेसे आणि काबर्ने सोव्हिन्यॉं या लाल वाइनच्या द्राक्षांच्या मिश्रणाची वाइन तुरटपणा समजून घेण्यासाठी उत्तम आहे. वेळ असेल तर नाशिकला जावे, जिथे सुला या वाइन कंपनीने 2005 मध्ये चवदालन, म्हणजे वाइन चाखण्याची खोली, उघडले. शक्यतो जानेवारी ते मार्च या काळात, म्हणजे तोडणीच्या हंगामात, आधी फोनवर वेळ ठरवून जावे. तासगावकडचे कोणी बागायतदार सोबत असतील तर फारच चांगले. वेलीची उन्हाळ्यातली खरड छाटणी आणि फळासाठीची गोडी छाटणी यांविषयी ते जे प्रश्न विचारतील, त्यांतून वेलीबद्दल जे कळते ते पाटीवर लिहिलेले नसते. वाइनच्या द्राक्षाचा मणी तोडून अवश्य खावा. तो आपल्या खाण्याच्या द्राक्षापेक्षा लहान, जाड सालीचा आणि बियांचा असतो, आणि ग्लासातल्या तुरटपणाचे मूळ दाताखालीच सापडते.

गोव्यात गोडसर पोर्ट वाइन जरूर चाखून पाहावी, पण विनापरवाना बाटली घेऊन सीमा ओलांडणे गुन्हा आहे, म्हणून ती चव तिथेच पुरी करावी. अकलूजहून किंवा नाशिकहून रीतसर बिलासह घेतलेली बाटली उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नये. ओल्या फडक्यात गुंडाळून ती आत, पायाशी सावलीत आडवी ठेवावी आणि घरी आणल्यावर दोन-चार दिवस अंधाऱ्या, गार कपाटात तशीच पडू द्यावी.