पुश-फिट पाइप घरी कसा जोडायचा (पाणी यायच्या आदल्या दिवशी)

सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळं प्लंबिंगचं काम निघालं की पहिला प्रश्न एकच, पाणी कधी हाय. सीपीव्हीसीला (घरातल्या लाइनीचा कडक प्लास्टिक पाइप) चिकटवायचं सोल्युशन लावलं तर वाळायला वेळ द्यावा लागतो, घाई केली की जॉइंट सुटतो आणि नेमकं पाणी आलं की न्हाणीत कारंजं. पुश-फिटला सोल्युशन नाही, वाळवणं नाही, पाइप ढकलला की लगेच पाणी सोडता येतं. आरओ फिल्टरची पाव इंची नळी कशी नुसती दाबून बसते, तसंच हे, फक्त मोठं. आत स्टीलच्या दातांची रिंग असते, ती पाइप आत जाऊ देते पण बाहेर येऊ देत नाही, आणि पाणी अडवायला रबराची ओ-रिंग.

आता माप. सगळे इथंच फसतात, मी पण फसलोय. 15 एमएम पुश-फिट म्हणजे पाइपचं बाहेरचं माप 15 एमएम. आपला अर्धा इंची सीपीव्हीसी बाहेरून 15.9 एमएम भरतो आणि अर्धा इंची यूपीव्हीसी (प्लास्टिकचाच दुसरा प्रकार) किंवा जीआय (लोखंडी पाइप) 21.3. मी जुना सीपीव्हीसीचा तुकडा 15 च्या फिटिंगमध्ये बसवायला अर्धा तास घाम गाळला, शेवटी दुकानदार म्हणाला, "काका, मापच वेगळं हाय की हे." तर पाइप आणि फिटिंग एकाच कंपनीचं घ्या आणि जुन्या लाइनीला आट्याच्या अ‍ॅडाप्टरनं जोडा. टेफ्लॉन टेप फक्त त्या आट्यांवर, ढकलायच्या बाजूला टेप पण नको आणि सोल्युशन पण नको.

मेन कॉक बंद करा, खालचा नळ सोडून लाइन रिकामी करा. पाइप कटरनंच कापा, सरळ काटकोनात. हॅक्सॉ ब्लेडनं कापलं की कडेला तुसं राहतात, ती ओ-रिंगला चिरतात आणि मग जॉइंट थेंब थेंब गळतो, वरून बघितलं तर काहीच दिसत नाही, भिंतीला ओल आली की कळतं. कापल्यावर कडेवरून बोट फिरवून बघा, जिथं घुसणार तेवढ्या भागावर ओरखडा असला तर तेवढं कापून टाका. मग पाइपच्या तोंडात इन्सर्ट घाला, म्हणजे पाइपच्या आत बसणारी छोटी नळी. पुश-फिटचा प्लास्टिक पाइप मऊ असतो, इन्सर्ट विसरलात तर दाबाखाली तोंड चेपतं. फिटिंग किती खोल आहे ते मोजून पाइपवर मार्करनं खूण करा आणि खूण दिसेनाशी होईपर्यंत ढकला, मधे एकदा अडकल्यासारखं वाटतं ती ओ-रिंग असते, तिथं थांबू नका. शेवटी जोरात मागे ओढून बघा.

काढायचं असेल तर फिटिंगच्या तोंडाची कॉलर (कडं) दाबून धरून पाइप ओढायचा, पण दातांचे वळ उठलेलं टोक कापूनच परत वापरा.

गच्चीवर उघडा टाकू नका, आपलं ऊन माहितीये, उन्हानं हा पाइप ठिसूळ होतो, झाकूनच न्या. गिझरला किंवा सोलरला थेट जोडू नका, मधे धातूचा तुकडा घाला. वाकवताना बाहेरच्या मापाच्या आठपट तरी वळणाची त्रिज्या ठेवा, म्हणजे 15 ला 12 सेंटीमीटर. आडव्या पाइपला फूटभरावर क्लॅम्प. आणि जॉइंट भिंतीत गाडू नका हो, उघडता येईल असं झाकण ठेवा.

टाकीच्या लाइनीवरचा जॉइंट असेल तर पाणी सोडून खाली रात्रभर पेपर पसरून ठेवा, सकाळी कोरडा पाहिजे. पण 10 मीटर उंचीला कुठं 1 बार दाब मिळतो, आणि आपली टाकी असते जेमतेम एक मजला वर, त्यामुळं नळाच्या मेन लाइनीवरचा जॉइंट असा तपासून होत नाही. तिथं पाणी रात्री दोनला आलं तरी उठायचं आणि पहिली दहा मिनिटं टॉर्च घेऊन जॉइंटसमोर बसायचं, कारण आधी फस्स करून हवा येते आणि मग एकदम दाब.