बाहेर न्यायला दुसरा, छोटा लॅपटॉप घेताय? या चुका टाळा

साडेपंधरा इंची लॅपटॉप रोज खांद्यावर वागवणारा माणूस कधी ना कधी म्हणतोच, ‘बाहेर न्यायला एक छोटा घेऊन टाकावा.’ विचार वाईट नाही. पण कोणता घ्यावा यावर रात्र-रात्र व्हिडिओ पाहणारे लोक मुळात तो लागतोय का, याचा फारसा हिशेब करत नाहीत. दोन लॅपटॉप म्हटले की अपडेट दोनदा आले, बॅटऱ्या दोन सांभाळाव्या लागल्या आणि फायलीही दोन ठिकाणी पसरल्या. विकणारा यातलं काही सांगत नाही.

माझं मत आधीच सांगतो: बहुतेकांना दुसरा लॅपटॉप लागत नाही. ज्यांना लागतो, त्यांना तो खरंच लागतो.

वजन लॅपटॉपचं करता, बॅगेचं करत नाही

साधा १५.६ इंची लॅपटॉप पावणेदोन ते दोन किलोच्या आसपास भरतो आणि हलका १३ इंची १.२ ते १.४ किलो. म्हणजे वाचतात ते अर्धा-पाऊण किलो. आता बॅग उलटी करून बघा. जुना जाड चार्जर आणि त्याची वायर, माउस, बाहेरची हार्ड डिस्क, कधीच न उघडलेली डायरी आणि लिटरभर पाणी. नुसतं पाणीच एक किलो झालं. रिकाम्या बॅगेचं वजन तर कुणी करतच नाही.

म्हणून आधी चार्जर बदलून बघा. लॅपटॉप टाइप-सी पोर्टवरून चार्ज होत असेल तर ६५ वॅटचा छोटा गॅन (गॅलियम नायट्राइड वापरून केलेला) चार्जर मुठीत मावतो आणि तोच फोनलाही चालतो. मात्र टाइप-सी पोर्ट आहे म्हणजे त्यावरून चार्जिंग होईलच असं नाही. काही पोर्ट फक्त डेटासाठी असतात. मॉडेलच्या माहितीत ‘पॉवर डिलिव्हरी’ लिहिलंय का, ते तपासा.

गेमिंग लॅपटॉपवाल्यांची गोष्ट वेगळी. यंत्रच अडीच किलोच्या घरात आणि २३० वॅटचा चार्जर वेगळा, तोही किलोच्या जवळ जाणारा. तिथे बॅग आवरून काही साधत नाही.

बाहेर नेमकं काय काम करता, हेच ठाऊक नसतं

‘कुठेही काम करता आलं पाहिजे’ हे काम नव्हे. पुढचे दोन आठवडे बाहेर लॅपटॉप उघडाल तेव्हा काय उघडलं, ते फोनवर टिपून ठेवा. यादीत मेल, वर्डमधल्या दुरुस्त्या आणि व्हिडिओ कॉल एवढंच निघालं तर टॅब्लेटवरही भागेल. व्हिडिओ एडिटिंग किंवा कॅड (कॉम्प्युटरवर आराखडे काढणं) निघालं तर हलक्या लॅपटॉपवर ते रडतखडत चालेल आणि शेवटी तुम्ही मोठाच उचलून न्याल.

इथे रिमोट डेस्कटॉपचा पर्याय सुचतो: घरचं ताकदवान यंत्र चालू ठेवायचं आणि छोट्यावरून त्यात शिरायचं. चांगली सोय आहे, पण लोक दोन ठिकाणी अडकतात. विंडोजचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप घ्यायचा तर घरच्या यंत्रावर प्रो आवृत्ती लागते, होम आवृत्तीत बाहेरून शिरता येत नाही. तिथे गूगलचा क्रोम रिमोट डेस्कटॉप चालतो. दुसरं म्हणजे घरचं यंत्र झोपी गेलं तर बाहेर बसून त्याला उठवणं सहसा जमत नाही. निघण्यापूर्वी स्लीप बंद केला का ते बघा.

टॅब्लेट आणि कीबोर्ड ही जोडी हलकीच असणार, हाही एक गोड गैरसमज. १२.९ इंची आयपॅड प्रो आणि त्याचा मॅजिक कीबोर्ड मिळून सुमारे १.४ किलो भरतात. एम-२ चिपचा १३ इंची मॅकबुक एअर आहे १.२४ किलोचा. शिवाय मागे टेकू लावून उभे राहणारे टॅब्लेट टेबलावर झकास, पण मांडीवर घेऊन टाइप करायला गेलं की डुगडुगतात. घेण्याआधी खुर्चीत बसून, मांडीवर ठेवून एक परिच्छेद टाइप करून पाहा. दुकानदार हसला तर हसू दे.

‘दुसराच तर आहे’ म्हणून सगळ्यात स्वस्त घेणं

ही चूक जुनी आहे. २००७ मध्ये आसुसचा ‘ई पीसी ७०१’ आला: ७ इंची पडदा, ८०० बाय ४८० पिक्सेल, ४ जीबी साठवण, वजन किलोच्या आत. नेटबुकांची लाट उसळली आणि काही वर्षांत ओसरली. यंत्र छोटं होतं यात वावगं काहीच नव्हतं, पण त्यावर कामच पुढे सरकत नसे.

आजचा तसाच सापळा म्हणजे ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी (एसएसडीपेक्षा स्वस्त आणि हळू) साठवणीचा लॅपटॉप. विंडोज ११ ची किमान अट नेमकी एवढीच आहे, त्यामुळे जाहिरात खोटी नसते. पण विंडोज आणि दोन-चार प्रोग्रॅम बसले की मोठ्या अपडेटला जागा उरत नाही, आणि बाहेर घाईत असताना ‘डिस्क स्पेस कमी आहे’ हा निरोप बघावा लागतो. हलक्या लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, त्यामुळे ‘नंतर वाढवू’ हा बेतही बाद. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीच्या खाली उतरू नका. परवडत असेल तर रॅम १६ घ्या.

त्यापेक्षा कंपन्यांच्या वापरातून निघालेला १३-१४ इंची बिझनेस लॅपटॉप मला जास्त पटतो. लेनोवोचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक या मालिकांचे कीबोर्ड चांगले असतात आणि सुटे भाग मिळतात. फक्त इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर बघा. त्याआधीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विकणाऱ्यासमोरच बॅटरी रिपोर्ट, म्हणजे विंडोज स्वतः देतो तो बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल, काढा. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे दिसतात. पहिला ५०,००० मिलिवॅट-अवर आणि दुसरा ३१,००० असेल तर बॅटरीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त जीव गेलेला आहे. नवी बॅटरी त्या किमतीतच धरा.

पडद्याचंही तसंच. कागदावर ‘फुल एचडी’ असतं, पण १३ इंचांवर अक्षरं वाचता यावीत म्हणून स्केलिंग १५० टक्के केलं की हाताशी जागा उरते १२८० बाय ७२० एवढीच. एक्सेलची वरची पट्टी आणि खालचा टास्कबार वजा करा, मग किती ओळी दिसतात ते मोजा. १६:१० प्रमाणाचा, म्हणजे थोडा उंच, पडदा इथे खरोखर उपयोगी पडतो. पोर्टही मोजा. २०१५ चा १२ इंची मॅकबुक ९२० ग्रॅमचा होता, दिसायलाही देखणा, पण त्याला यूएसबी-सी पोर्ट एकच. हब (एका पोर्टचे अनेक करणारी डबी) जवळ नसेल तर चार्जिंग आणि पेनड्राइव्ह एकाच वेळी नाही. एआरएम (फोनमध्ये असतात त्या जातीच्या) प्रोसेसरचे लॅपटॉप बॅटरी छान टिकवतात. मात्र तुमचा प्रिंटर, ऑफिसचं व्हीपीएन आणि एखादं जुनं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, हे आधी विचारून घ्या.

खरी डोकेदुखी: फायली

दुसरा लॅपटॉप घेतल्यावर पहिल्या महिन्यात बहुतेकांची जी तक्रार येते ती यंत्राच्या वेगाची नसतेच. ती असते, ‘काल केलेलं काम गेलं कुठे?’

होतं असं. सकाळी मोठ्या लॅपटॉपवर एक्सेलची फाइल उघडीच ठेवून झाकण लावलं. शेवटचे बदल क्लाउडवर, म्हणजे नेटवरच्या साठवणीत, चढलेच नाहीत. बाहेर छोट्यावर तीच फाइल उघडली, दुरुस्त्या केल्या, सेव्ह केल्या. रात्री मोठा उघडला, समोर सकाळचीच फाइल होती, तिच्यात आणखी दोन आकडे बदलले. आता फोल्डरमध्ये दोन फायली दिसतात. मायक्रोसॉफ्टची क्लाउड साठवण वनड्राइव्ह असेल तर एकीच्या नावामागे कॉम्प्युटरचं नाव चिकटलेलं. दोन्ही अर्ध्या बरोबर.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो: निघताना फाइल बंद करायची आणि सिंक (दोन्हीकडच्या फायली सारख्या होणं) पूर्ण झाल्याची खूण दिसल्यावरच झाकण लावायचं. फाइल आधीच दुभंगली असेल तर घाईने कुठलीही डिलीट करू नका. व्हर्जन हिस्टरी (फाइलच्या जुन्या आवृत्त्यांची यादी) उघडा, वेळा ताडून पाहा, मग एकत्र करा.

दुसरी फसगत ढगाच्या चिन्हाची. वनड्राइव्हमध्ये फाइलसमोर ढग दिसत असेल तर ती फाइल लॅपटॉपवर नाही, नुसतं तिचं नाव आहे. नेट नसलेल्या जागी ती उघडणार नाही. बरोबर न्यायचा फोल्डर आदल्या दिवशीच ‘नेहमी या डिव्हाइसवर ठेवा’ असा करून ठेवा. आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. छोट्यावर पुसलेलं मोठ्यावरूनही जातं. गूगल ड्राइव्ह आणि वैयक्तिक वनड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ते ३० दिवस सापडतं, नंतर नाही.

मेल एका लॅपटॉपवर दिसतो आणि दुसऱ्यावर नाही, असं असेल तर खातं पॉप पद्धतीने जोडलंय का बघा. पॉप मेल उतरवून घेतं आणि सेटिंग तसं असेल तर सर्व्हरवरून काढूनही टाकतं. आयमॅपने जोडलं की दोन्हीकडे सारखं दिसतं. लायसन्सही तपासा. अडोबीचं क्रिएटिव्ह क्लाउड दोन यंत्रांवर सुरू करता येतं, पण एका वेळी वापरायचं एकावरच. काही सॉफ्टवेअर तर एका यंत्राला बांधलेलीच असतात.

पडून राहिलेला लॅपटॉप

छोटा लॅपटॉप महिनाभर कपाटात राहतो आणि नेमका निघायच्या दिवशी बाहेर येतो. मग बॅटरी शून्यावर, अपडेटांची रांग, पंख्याचा घरघराट. ठेवताना बॅटरी निम्म्याच्या आसपास ठेवून पूर्ण शट डाउन करा. शंभर टक्क्यांवर किंवा शून्यावर दीर्घकाळ पडून राहिलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. निघायच्या आदल्या संध्याकाळी तो नेटला जोडून तासभर तसाच सोडा. बॅगेत ठेवताना स्लीपऐवजी हायबरनेट (चालू काम डिस्कवर ठेवून पूर्ण बंद) करा. नवे लॅपटॉप स्लीपमध्येही आतून जागे असतात आणि बॅगेत तापलेले सापडतात.

बाहेर फिरणारं यंत्र हरवू शकतं, म्हणून ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेलाच, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारा, हवा. त्याची रिकव्हरी की (अडलं तर ड्राइव्ह उघडणारा लांब कोड) त्याच लॅपटॉपवर ठेवू नका.

मग घ्यावा कुणी? ज्याचं मुख्य यंत्र डेस्कटॉप किंवा जड वर्कस्टेशन आहे, त्याने घ्यावा. ज्याचा मोठा लॅपटॉप ऑफिसचा आहे आणि खासगी कामं त्यावर करायची नाहीत, त्यानेही. एक यंत्र बिघडलं तर ज्याची कमाईच थांबते, त्याला तर दुसरं हवंच. बाकीच्यांनी पुढच्या वेळी एकच चांगला १४ इंची घ्यावा आणि टेबलावर मोठा मॉनिटर ठेवावा. टाइप-सी मॉनिटर असला तर एकाच केबलमधून चित्रही जातं आणि चार्जिंगही होतं. लॅपटॉपच्या पोर्टला ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ किंवा थंडरबोल्ट (टाइप-सी मधून चित्र पाठवण्याच्या सोयी) आहे ना, एवढं पाहून घ्या.

आणि घेतलेला छोटा सहा महिने कपाटातच असेल तर बॅटरी आणखी उतरण्याआधी विकून टाका. विकण्यापूर्वी आधी प्रत्येक सॉफ्टवेअरमधून साइन आउट करा, मग ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडून रीसेट करा आणि शेवटी आपल्या मायक्रोसॉफ्ट किंवा ॲपल खात्यातल्या यादीतून तो लॅपटॉप काढा. हा क्रम उलटा झाला तर काही लायसन्स त्या विकलेल्या यंत्राच्याच नावावर अडकून बसतात आणि नव्या लॅपटॉपवर ती सुरू करताना कस्टमर केअरला फोन लावावा लागतो.