वजन उतरल्यानंतरची वर्षे: बॅरियाट्रिक शस्त्रक्रियेचा लाभ कसा टिकवावा

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया होऊन तीन-चार वर्षे लोटली, की फॉलो-अपच्या तारखा चुकू लागतात, गोळ्यांची डबी कपाटात मागे सरकते आणि वजनकाटा पलंगाखाली जातो. हे लेखन त्या टप्प्यावरच्या माणसांसाठी आहे. मी डॉक्टर नाही. गोव्यातल्या फोंड्यात राहणारी एक शिक्षिका आहे. नऊ वर्षांपूर्वी माझी स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची) शस्त्रक्रिया झाली, वजन ११३ किलोवरून दीड वर्षात ७१ वर आले, चौथ्या वर्षी ते ७९ झाले आणि आता ७४-७५ च्या आसपास आहे. त्या आठ किलोंनी मला जे शिकवले ते पुढे देते आहे, आणि जिथे निर्णय डॉक्टरांचा आहे तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

कोणता आकडा टिकवायचा, हे आधी ठरवा

बहुतेकांचे वजन शस्त्रक्रियेनंतर एक ते दोन वर्षांत सर्वांत खाली जाते आणि मग थोडे वर येऊन स्थिरावते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या ‘स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स’ या दीर्घ अभ्यासात गॅस्ट्रिक बायपास (जठराची लहान पिशवी करून ती लहान आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया) झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले होते, दहा वर्षांनी मात्र मूळ वजनापेक्षा ते सरासरी २५ टक्के कमी होते. म्हणजे १२० किलोचा माणूस ८२ पर्यंत उतरला आणि दहा वर्षांनी ९० वर असला, तर तो त्या सरासरीतच बसतो. हे गणित मला चौथ्या वर्षी कोणी समजावले असते तर सहा महिने मी काट्यावर पाय ठेवायला घाबरले नसते, आणि त्या सहा महिन्यांतच निम्मी वाढ झाली. तेव्हा सर्वांत कमी वजनाचा हट्ट सोडून, डॉक्टरांशी बोलून तीन-चार किलोंचा एक पट्टा ठरवावा. वजन आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर करावे. पट्ट्याच्या वरच्या कडेपलीकडे सलग तीन आठवडे आकडा राहिला, तर पुढे सांगितलेली वही उघडावी.

वजन परत का येते

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. घ्रेलिन हे भूक चेतवणारे संप्रेरक मुख्यत्वे त्याच भागात तयार होते, म्हणून पहिले वर्षभर भूक जवळजवळ नाहीशी होते. पुढे उरलेले जठर थोडे सैलावते, भूक काही अंशी परतते, आणि हलक्या झालेल्या शरीराला पूर्वीइतक्या उष्मांकांची गरजही उरत नाही. यांतले काहीच आपल्या हातात नसते, त्यामुळे त्याबद्दल स्वतःला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या हातातली गोष्ट वेगळीच आहे. माझे ताट नऊ वर्षांत फारसे मोठे झाले नाही; दुपारी एक लहान वाटी भात आणि माशाचे दोन तुकडे यापलीकडे आजही जात नाही. वाढले ते दोन जेवणांच्या मधले खाणे.

हे मला कसे कळले ते सांगते. चौथ्या वर्षी आहारतज्ज्ञ बाईंनी एक आठवडा तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट वेळेसह लिहायला लावली, चहातली साखर आणि फोडणी चाखण्याचा चमचासुद्धा. जेवणांच्या नोंदी इतक्या आदर्श होत्या की मी वही अभिमानाने पुढे केली. बाईंनी दुपारी चार ते रात्री आठ या भागाखाली पेन्सिलीने रेघ मारली. त्यात चहाबरोबर दोन बटर, पेपर तपासताना चिवडा, मुलाच्या डब्यातले उरलेले अर्धे सँडविच आणि जत्रेहून आणलेल्या खाज्याचे तीन तुकडे होते. चिवड्याचा २०० ग्रॅमचा डबा तीन दिवसांत संपला होता, आणि असल्या तळीव फराळाच्या १०० ग्रॅममध्ये ५०० च्या आसपास उष्मांक असतात. लहान झालेले पोट मासा किंवा भाकरी थांबवते. चिवडा, बिस्कीट, चिप्स, आइसक्रीम हे पदार्थ मात्र विरघळत, घसरत खाली जातात आणि पोट भरल्याची सूचना येतच नाही. गुरे जशी दिवसभर चरतात तसे हे चरणे असते, आणि शस्त्रक्रियेने त्यावर कसलाही लगाम घातलेला नसतो.

उपाय साधा असला तरी कंटाळवाणा आहे. दिवसाच्या खाण्याच्या वेळा ठरवाव्यात. मला तीन जेवणे आणि पावणेपाचचे एक खाणे असे जमते. त्या वेळांव्यतिरिक्त फक्त पाणी, बिनसाखरेचा चहा किंवा पातळ ताक घ्यावे. पावणेपाचचे खाणे टाळण्यापेक्षा नीट वाढून घेतलेले बरे: एक उकडलेले अंडे, वाटीभर दही किंवा मूठभर भाजलेले चणे, आणि तेही बशीत, खुर्चीवर बसून. डब्यातून थेट खाणे मी कायमचे बंद केले, एवढ्या एका नियमाने पहिल्या तीन महिन्यांत दोन किलो गेले.

शीत-कडीच्या, म्हणजे भात-कालवणाच्या, ताटात काय आधी खायचे

रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने हा बहुतेक डॉक्टरांचा सल्ला असतो; बायपास झालेल्यांना किंवा उंच्यापुऱ्या माणसांना याहून जास्त सांगतात. हे आकडे घरच्या जेवणात असे बसतात: दोन अंडी १२ ग्रॅम, काटे काढून १०० ग्रॅम बांगडा १९, पाव लिटर दूध ८, ५० ग्रॅम पनीर ९, मुगाची वाटीभर उसळ ७ आणि दीडशे ग्रॅम दही ५, म्हणजे बरोबर साठ. मासे खाणाऱ्या गोव्यात हे अवघड नसावे, पण आपल्या ताटाचा क्रम उलटा असतो. आधी शिताचा डोंगर, त्यावर हुमण (माशाचे खोबरे घातलेले कालवण), आणि बाजूला बांगड्याचा एक तुकडा चवीपुरता. शस्त्रक्रिया झालेल्याने मासा आधी संपवावा, मग भाजी, आणि जागा उरली तर दोन-तीन घास भात. हुमणातले ओले खोबरे १०० ग्रॅमला साडेतीनशे उष्मांकांचे असते, म्हणून माशाच्या फोडी घ्याव्यात आणि रस चमच्याने मोजून घ्यावा. रवा लावून तळण्याऐवजी तव्यावर थोड्या तेलात भाजलेले विस्वण (सुरमई) तितकेच चविष्ट लागते. गाड्यावरचे रस-ऑमलेट (मसालेदार रश्श्यातले ऑमलेट) वर्ज्य मानायचे कारण नाही. ऑमलेट खावे, रस थोडा घ्यावा आणि पाव सोबत्याला द्यावा. तसेही सकाळी पदेराने (पाववाल्याने) दिलेला मऊ उंडा (गोल पाव) अनेकांच्या लहान पोटात गोळा होऊन अडकतो. त्यापेक्षा गव्हाच्या भुशाची पोळी (हाही पावाचाच प्रकार) नीट चावून खाल्लेली सोसते.

जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास काही प्यायचे नाही, हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण आपल्याकडे तो मोडतो सोलकढीपाशी. शेवटच्या घासानंतर वाटीभर सोलकढी हवीच असते. ती मी चारच्या सुमारास स्वतंत्रपणे घेते. घरच्यांना हा प्रकार अजूनही विचित्र वाटतो.

पावसाळ्याचे तीन महिने

जुन्या वह्या एकदा शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा लक्षात आले की माझे वजन दरवर्षी जून ते चवथ (गणेश चतुर्थी) या काळातच वाढते. कारण उघड होते. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, ती उठते न उठते तोच श्रावण लागतो आणि आमच्यासारख्या घरांत मासळी वर्ज्य होते. म्हणजे ताटातले मुख्य प्रथिन जवळजवळ तीन महिने जाते, त्याची जागा भात, बटाट्याची भाजी आणि गरम भजी घेतात, आणि मुसळधार पावसात संध्याकाळचे चालणेही थांबते.

यावर तयारी मे महिन्यातच करावी लागते. पुरुमेताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) खरेदीत मी अळसांदे (चवळीचा प्रकार), मूग आणि चणे जास्त घेते. सुकी सुंगटे (कोळंबी) हा प्रथिनांचा चांगला साठा आहे. मात्र त्यांत मीठ भरपूर असल्याने रक्तदाब असलेल्यांनी ती कोमट पाण्यात दोनदा धुऊन घ्यावीत आणि किसमूर (त्यांची कोशिंबीर) करताना खोबरे बेताने घालावे. बंदीच्या काळातही नदी-खाडीतली थोडी मासळी बाजारात येते, ती महाग असली तरी आठवड्यातून दोनदा परवडवावी. श्रावणात पनीर, दही, मोड आलेल्या कडधान्यांच्या उसळी आणि अंडी चालणाऱ्या घरांत अंडी, यांची आठवड्याची मांडणी कागदावर करून स्वयंपाकघरात लावावी. मुगागाठी (मोड आलेल्या मुगाचे कालवण) हा आपला पदार्थ यासाठी उत्तम आहे. खतखते (मिश्र भाज्यांचे कालवण) चविष्ट असले तरी त्यात कंदमुळेच अधिक, त्यामुळे ते प्रथिनांच्या हिशेबात धरू नये.

चालण्याची सोयही आडोशाची हवी. आठवड्याला किमान १५० मिनिटे हालचाल हवी आणि वजन टिकवायचे तर २०० ते ३०० मिनिटे. जिना, घरातली लांब ओटी, शाळेचा व्हरांडा, काहीही चालेल. त्याहून महत्त्वाचा आठवड्यातून दोन दिवसांचा ताकदीचा व्यायाम आहे, कारण वजनाबरोबर स्नायूही उतरलेले असतात. खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा उठणे आणि पाण्याने भरलेल्या दोन लिटरच्या बाटल्या उचलणे, यापासून मी सुरुवात केली.

मग चवथ येते. नेवऱ्या (करंज्या), पातोळ्या आणि घरोघरचे बोलावणे. “एवढंच? अगं, चवथीला तरी पोटभर खा,” असे आत्याबाई म्हणतातच, आणि त्यांना जठराची रचना समजावत बसणे शक्य नसते. मी नेवरी जेवणाच्या शेवटी, एकच, सावकाश खाते आणि बाकीच्या घरांत “आत्ताच जेवून आले” म्हणून फक्त पाणी घेते. बायपास झालेल्यांनी गोडाच्या बाबतीत अधिक जपावे. साखर एकदम लहान आतड्यात गेल्याने धडधड, घाम, जुलाब होतात, आणि काहींना शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी जेवणानंतर एक ते तीन तासांत रक्तातली साखर खाली जाऊन चक्कर येते. असे वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगावेच.

दारूविषयी लाजून चालणार नाही. स्लीव्ह आणि बायपास या दोन्हींनंतर मद्य लवकर आतड्यात पोहोचते आणि रक्तातले प्रमाण झपाट्याने चढते. शिवाय दुसऱ्या वर्षानंतर व्यसन जडण्याचा धोका वाढतो, हे विशेषतः बायपास झालेल्यांत दिसून आले आहे. फेणीत ४० टक्क्यांहून अधिक मद्यार्क असतो, आणि मार्च-एप्रिलमधली हुर्राक (काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू) त्या मानाने सौम्य असली तरी ती गोड सोड्यात मिसळून ग्लासामागून ग्लास जाते. गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. पूर्वी पचणारा एक पेगही आता ती ओलांडू शकतो. पूर्ण टाळणे उत्तम, आणि घेतलीच तर स्कूटरची किल्ली दुसऱ्याकडे द्यावी.

गोळ्या आणि तपासण्या

गोळ्या आजन्म असतात. बी-१२ चा साठा यकृतात काही वर्षे पुरतो, म्हणून तिसऱ्या वर्षी गोळ्या सोडणाऱ्याला लगेच काही होत नाही, आणि पाचव्या-सहाव्या वर्षी तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या की त्याचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. कॅल्शियम सायट्रेट दिवसाला एकूण १२०० ते १५०० मिलिग्रॅम, पण एका वेळी ५०० ते ६०० पेक्षा जास्त नको. लोहाची गोळी आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तास ठेवावेत, आणि लोह चहाबरोबर कधीच घेऊ नये. नेमक्या मात्रा आपल्या डॉक्टरांकडून घ्याव्यात. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड संप्रेरक आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासावे. बायपास झालेल्यांनी अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक परस्पर घेऊ नये, त्याने जठर आणि आतड्याच्या जोडाशी व्रण होऊ शकतात.

डॉक्टरांकडे परत कधी जावे

सर्वांत कमी वजनापेक्षा दहा टक्के वाढ झाली, घन अन्न दुखू लागल्याने मऊ आणि गोड पदार्थांवर दिवस निघू लागले, छातीत रोज जळजळ होते, किंवा मधुमेहाची गोळी पुन्हा सुरू करावी लागली, तर थांबू नये. सतत उलट्या होत असतील तर त्याच दिवशी जावे, कारण थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) संपून मेंदूवर परिणाम होऊ शकतो. बायपास झालेल्याच्या पोटात वर्षांनंतरही अचानक कळा येऊ लागल्या तर थेट आपत्कालीन विभाग गाठावा. थायरॉइडची कमतरता, तसेच स्टेरॉइड आणि काही मानसोपचाराची औषधेही वजन वाढवतात, म्हणून चालू औषधांची यादी दाखवावी. सेमाग्लुटाइड आणि टर्झेपेटाइड ही इंजेक्शने भारतात २०२५ पासून वजनासाठी मिळू लागली आहेत आणि वाढलेल्या वजनावर डॉक्टर ती देतात, पण आधीच कमी खाणाऱ्या माणसाची भूक आणखी मारताना प्रथिनांचे गणित कोणीतरी सांभाळायला हवे. दुसरी शस्त्रक्रिया हा पर्याय एन्डोस्कोपीने पोटाची रचना पाहिल्यानंतरच चर्चेला येतो.

पुन्हा तोंड दाखवायला लाज वाटते, हे मला माहीत आहे; मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत फिरले होते. जाताना शस्त्रक्रियेचा डिस्चार्ज कागद, गेल्या दोन वर्षांचे रक्ताचे अहवाल, चालू गोळ्यांची पाकिटे आणि सात दिवसांची वही, चार ते आठच्या पानांसकट, पिशवीत घालून न्यावी.