ट्रॅक सायकलच्या फोर्कला काढता-घालता येणारा पुढचा ब्रेक कसा बसवावा

वेलोड्रोमवरच्या, म्हणजे सायकल शर्यतींच्या खास ट्रॅकवरच्या, शर्यतीत ब्रेक लावलेली सायकल चालत नाही. सगळ्यांची मागची चाकं फिक्स्ड, म्हणजे चाक फिरेल तोवर पेडलही फिरतच राहणार, आणि दोघांमधलं अंतर जेमतेम हातभर. पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर मागचे सगळे त्याच्यावर येऊन आदळतील. म्हणूनच ट्रॅकच्या बऱ्याच फोर्कना (पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या चिमट्यांना) ब्रेकसाठी भोकच नसतं. तीच सायकल रस्त्यावर आली की मात्र गणित उलटं होतं. पेडल रोखून थांबायचं म्हणजे फक्त मागच्या चाकावर थांबायचं, आणि वेग कमी होताना भार पुढे सरकत असल्यामुळे मागच्या चाकाची पकड नेमकी तेव्हाच सुटत जाते. नीट बसवलेला पुढचा ब्रेक मागच्याच्या साधारण दुप्पट जोराने थांबवतो. चेन उतरली तर पाय निकामी होतात, तेव्हाही तोच हाताशी असतो. रस्त्यावर न्यायच्या ट्रॅक सायकलला पुढचा ब्रेक हवाच, यात तडजोड नाही.

आधी फोर्क आणि रिम तपासा

फोर्कच्या क्राउनला (दोन्ही पाय वर जिथे जुळतात त्या भागाला) पुढून मागे आरपार भोक असेल तर काम सोपं आहे. कॅलिपरचा (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेकच्या चिमट्याचा) बोल्ट त्यातून घालायचा, मागून नट कसायचा. काढायचा असेल तेव्हा तोच एक नट सोडवायचा.

भोक नसेल तर अॅडाप्टर लागतो. मधोमध 6 मिमीच्या बोल्टसाठी भोक असलेली आडवी पट्टी आणि तिच्या दोन्ही टोकांना फोर्कचे पाय कवेत घेणारे क्लॅम्प, अशी त्याची रचना. हा अॅडाप्टर स्टीलच्या फोर्कसाठीच वापरा. कार्बनच्या पायांवर क्लॅम्प कसू नका. बाहेरून काही दिसत नाही, पण आतले थर दबतात. पातळ अॅल्युमिनियमच्या, विमानाच्या पंखासारख्या चपट्या पायांवर तो नीट बसतही नाही. अशा सायकलला भोक असलेला दुसरा फोर्क घालणं हाच मार्ग. तो घेताना स्टिअररची (फोर्कच्या फ्रेममध्ये जाणाऱ्या नळीची) जाडी आणि एक्सलपासून (चाकाच्या आसापासून) क्राउनपर्यंतची उंची जुन्याशी जुळवून घ्या. जुन्या फोर्कला घरी ड्रिलने भोक पाडायच्या फंदात पडू नका.

पायांचा आकार गोल आहे की अंडाकृती, हेही पाहा आणि व्हर्नियरने जाडी मोजा. क्लॅम्प त्या मापाचाच हवा. मोठा क्लॅम्प आवळून लहान पायावर बसवला तर तो दोनच ठिकाणी टेकतो.

रिमच्या बाजूला ब्रेकसाठी सपाट घासपट्टी आहे ना, तेही बघा. ट्रॅकच्या पुष्कळ रिम पूर्ण रंगवलेल्या असतात. त्यांच्यावर ब्रेक सुरुवातीला घसरतो आणि रंग हळूहळू निघून जातो. कार्बन रिम असेल तर तिच्यासाठीचेच ब्रेक शू (रिमवर दाबणारे रबरी ठोकळे) लागतात.

अॅडाप्टर कुठे आणि कसा कसायचा

सगळी मेख इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चाक पुढे फिरतं तेव्हा त्याचा वरचा भाग पुढच्या दिशेने जात असतो. ब्रेक दाबला की रिम ब्रेक शूंना आपल्याबरोबर पुढे ओढते. कॅलिपर फोर्कच्या पुढच्या बाजूला असेल तर ही ओढ पट्टीला फोर्कपासून सुटं करू पाहते आणि सगळा भार क्लॅम्पवर येतो. मागच्या बाजूला बसवलं तर हाच जोर पट्टीला फोर्कवर दाबून धरतो, पण ट्रॅक फ्रेममध्ये डाउन ट्यूब (हँडलखालून पेडलकडे जाणारी तिरकी नळी) इतकी जवळ असते की हँडल वळवताना कॅलिपर तिला धडकू शकतं. त्यामुळे बहुतेक वेळा पुढची बाजूच घ्यावी लागते. तेव्हा क्लॅम्पच्या पकडीत कसर ठेवून चालणार नाही.

दुसरी गोष्ट. फोर्कचे पाय खाली निमुळते होत जातात. क्लॅम्प थोडा जरी खाली घसरला तरी तो आपोआप सैल पडतो. म्हणून तो क्राउनच्या जितका जवळ बसेल तितका चांगला. फोर्कचा रंग वाचवायला खाली रबराची जाड पट्टी देऊ नका. रबर दबतं आणि कसलेला बोल्ट ढिला होतो. पातळ पारदर्शक टेपचा एक थर पुरे.

आता पट्टी नुसती धरून चाकासमोर बघा. तिच्या भोकापासून रिमच्या घासपट्टीच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. रस्त्याच्या सायकलींच्या लहान कॅलिपरची पोच, म्हणजे बोल्टपासून शूपर्यंतचं अंतर, साधारण 39 ते 49 मिमी असते, त्याहून मोठ्याची 47 ते 57. क्राउनच्या खाली पट्टी बसवल्यावर हे अंतर कमी होतं, त्यामुळे सहसा लहान कॅलिपर लागतं. शू खाचेत अगदी वर सरकवूनही रिमच्या खाली येत असेल तर पट्टी आणखी वर न्यावी लागेल. वर जागा नसेल तर तो अॅडाप्टर त्या सायकलला चालणार नाही.

कॅलिपर बसवल्यावर बोल्टचं मागचं टोक पाहा. क्राउनच्या खाली, दोन पायांच्या मधल्या त्याच जागेतून टायर फिरतो. बोल्ट लांब राहिला तर नट टायरला घासेल किंवा टायर चिरेल. बुटका नट वापरा आणि चाक हाताने फिरवून निदान 4-5 मिमी मोकळी जागा दिसते का ते बघा. चाकात हवा पूर्ण भरलेली असताना बघा, कारण कमी हवेत टायर थोडा बारीक दिसतो.

क्लॅम्पचे बोल्ट दोन्ही बाजूंनी आळीपाळीने थोडे थोडे कसा, नाहीतर पट्टी तिरकी बसते. किती कसायचे ते अॅडाप्टर बनवणाऱ्याने सांगितलेलं पाळा. कॅलिपरच्या मुख्य बोल्टला साधारण 8 ते 10 न्यूटन-मीटर, केबलच्या बोल्टला 6 ते 8 आणि शूंना 5 ते 7 पुरतात.

लिव्हर आणि केबल

ब्रेक पुन्हा पुन्हा काढायचा असेल तर हँडलच्या टेपखाली जाणारा लिव्हर घेऊ नका. बिजागरीने उघडणाऱ्या क्लॅम्पचा छोटा लिव्हर स्टेमजवळ (हँडल जिथे सायकलला जोडलेलं असतं तिथे) लावला की एका बोल्टवर निघतो. हँडलची जाडी मात्र मोजूनच घ्या. व्ही-ब्रेकचा (लांब उभ्या दांड्यांच्या वेगळ्या प्रकारच्या ब्रेकचा) लिव्हर इथे चालत नाही. तो केबल जास्त ओढतो पण जोर कमी लावतो. हात दमतो आणि सायकल थांबत नाही.

केबलचं आऊटर, म्हणजे तिच्यावरची नळी, इतकं लांब ठेवा की हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवलं तरी ते ताणलं जाणार नाही, पण मोठा फुगा नको.

शू रिमच्या मध्यावर, टायरला न लागणारे हवेत. पुढचं टोक मागच्यापेक्षा सुमारे 1 मिमी रिमला जवळ ठेवा, किंचाळणं कमी होतं. कॅलिपर मधोमध करा आणि मगच केबल कसा.

चाचणी

क्लॅम्पच्या खालच्या कडेला लागून फोर्कवर रंगीत टेपचा तुकडा चिकटवा. मग जागेवर उभं राहून ब्रेक घट्ट दाबा आणि सायकल पुढे ढकला. मागचं चाक उचललं जाईपर्यंत ढकला, पाच-सहा वेळा. टेप चुरगळला, सरकला किंवा क्लॅम्प आणि टेपमध्ये फट पडली, तर क्लॅम्प हलला आहे. तो पुन्हा बसवा, आणि परत हललाच तर तो अॅडाप्टर त्या फोर्कसाठी नाही. चाचणी पास झाली तरी रहदारीत लगेच नेऊ नका. मोकळ्या जागी आधी हळू, मग वेगात ब्रेक लावून पाहा आणि परतल्यावर बोल्ट पुन्हा तपासा.

काढणं आणि परत लावणं

केबल सोडवायची नाही. लिव्हर, केबल, कॅलिपर आणि अॅडाप्टर हा एकच संच म्हणून सुटला पाहिजे, म्हणजे शूंचं अंतर कायम राहतं. शू टायरवरून निघत नसतील तर आधी 15 मिमीच्या पान्याने पुढचं चाक काढा. फोर्कवरचा टेप तसाच ठेवा. पुढच्या वेळी क्लॅम्प त्याला टेकवून बसवला की उंची आपोआप जुळते. चाक काढलं असेल तर ते फोर्कमध्ये मधोमध बसलं आहे का हे बघा, नाहीतर एकच शू रिमला घासत राहील. आणि परत लावल्यावर निघण्यापूर्वी ढकलून बघण्याची चाचणी दर वेळी करा.