आयेल्ट्स स्पीकिंग: ‘मित्रांशी गप्पा’ या विषयावरच्या उत्तरांचा सराव कसा करावा

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतली बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. तिचे तीन भाग असतात आणि पहिल्या भागाची ४-५ मिनिटं घर, काम, आवडीनिवडी अशा रोजच्या विषयांवर जातात. मित्रांशी गप्पा हा त्यातलाच एक विषय. ‘डू यू लाइक चॅटिंग विथ फ्रेंड्स?’, ‘व्हॉट डू यू युज्वली चॅट अबाउट?’, ‘एका मित्राशी बोलायला आवडतं की घोळक्यात?’, ‘समोरासमोर बरं वाटतं की फोनवर?’ अशा धाटणीचे प्रश्न असतात.

विषय इतका सोपा वाटतो की निम्मी मुलं त्याच्याकडे बघतच नाहीत. उरलेली क्लासच्या झेरॉक्समधली उत्तरं पाठ करतात, आणि ते जास्त वाईट. पाठ केलेलं उत्तर सुरू झालं की बोलण्याचा वेग एकदम वाढतो, आवाज सपाट होतो, नजर वर जाते. समोर बसलेल्या माणसाला ते लगेच कळतं. ‘चॅटिंग रिड्यूसेस माय स्ट्रेस अँड रिफ्रेशेस माय माइंड’ हे वाक्य कुणीही शिकवलं असलं तरी आजच खोडून टाका. त्यात तुमचं असं काहीच नाही.

आधी मराठीत साहित्य गोळा करा

‘इंग्रजीतच विचार करा’ हा सल्ला मला पटत नाही. तुमच्या गप्पा मराठीत झाल्या, त्या तुम्हाला मराठीतच आठवणार. म्हणून कागद घ्या आणि लिहा: कोणाशी बोलता, कुठे बसता, साधारण किती वाजता, शेवटच्या भेटीत काय विषय निघाला, कोण काय म्हणालं, कोणाचं पटलं नाही. ‘आयुष्य, करिअर आणि सामाजिक प्रश्न’ असं लिहू नका. ‘जिन्यात बसून गाडी विकावी की नाही यावर वाद’ असं लिहा. चार-पाच खऱ्या गप्पांची अशी टिपणं झाली की या विषयाचे सगळे प्रश्न त्यातूनच सुटतात. पूर्ण उत्तरं मात्र लिहायची नाहीत. लिहिलीत की ती पाठ होणार.

पहिलं वाक्य

प्रश्नाचं सरळ उत्तर द्या आणि पुढे चला: ‘येस, आय डू, मोस्टली विथ टू फ्रेंड्स फ्रॉम माय बिल्डिंग.’

दुसरं-तिसरं वाक्य: खरा अडथळा इथे आहे

पहिल्या वाक्यानंतर बहुतेकांची गाडी अडते. मीही इथेच बराच काळ अडकत होतो, म्हणून या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ घालवा असं माझं ठाम म्हणणं आहे.

अडल्यावर लोक ‘बिकॉज’ म्हणून कारण शोधायला लागतात आणि कारणांत मोघमपणा येतो. कारण शोधू नका, प्रसंग सांगा. आधी सवय, मग लगेच अलीकडची एक घटना. सवय साध्या वर्तमानकाळात: ‘वी सिट ऑन द स्टेअर्स आफ्टर डिनर.’ घटना भूतकाळात: ‘लास्ट संडे वन ऑफ देम सेड ही वॉज थिंकिंग ऑफ सेलिंग हिज बाइक, अँड वी स्पेंट द होल ईव्हनिंग टेलिंग हिम नॉट टू.’ एवढंच. दोन काळ आले, माणसं आली, जागा आली, आणि ऐकणाऱ्याला ते खरं वाटलं. गुणांचे चार निकष असतात: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. चौघांना सारखंच वजन. व्याकरणात फक्त अचूकपणा पाहत नाहीत, रचनांची विविधताही पाहतात. सगळं उत्तर एकाच काळात दिलंत तर ती दिसणार कुठून?

सवय सांगताना ‘वी आर मीटिंग एव्हरी संडे’ म्हणू नका. ‘वी मीट एव्हरी संडे.’ आणि ‘आय नो हिम सिन्स टेन इयर्स’ ही चूक तर चांगलं इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडीही बसलेली असते. ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स.’ जुन्या मित्राबद्दल बोलताना हे वाक्य लागणारच, तेव्हा ते जिभेवर घोळवून ठेवा.

आता सर्वांत अवघड भाग. गप्पांबद्दल बोलायचं म्हणजे कोण काय म्हणालं ते सांगावं लागतं, आणि मराठी माणूस नेमका तिथे घसरतो. मराठीत आपण म्हणतो, ‘तो म्हणाला की मी गाडी विकतोय.’ इथला ‘मी’ तो मित्र आहे हे आपल्याला न सांगता कळतं. हीच रचना इंग्रजीत जशीच्या तशी उतरते आणि तोंडातून बाहेर पडतं, ‘ही टोल्ड दॅट आय ॲम सेलिंग माय बाइक.’ परीक्षकाला वाटतं, गाडी तुम्हीच विकताय. पुढची दोन वाक्यं तो कोण कोणाची गाडी विकतोय हे जुळवत बसतो आणि तुमचं उत्तर त्याच्या हातून निसटतं.

यात तीन गोष्टी सुधाराव्या लागतात. माणूस बदलतो: ‘आय’चा ‘ही’ होतो, ‘माय’चा ‘हिज’ होतो. काळ एक पायरी मागे जातो: ‘ॲम सेलिंग’चं ‘वॉज सेलिंग’, ‘विल’चं ‘वुड’. आणि ‘टोल्ड’नंतर कोणाला सांगितलं ते लगेच यावंच लागतं: ‘ही टोल्ड मी’. ‘टोल्ड टू मी’ नाही, नुसतं ‘टोल्ड दॅट’ही नाही. गोंधळ होत असेल तर सरळ ‘सेड’ वापरा: ‘ही सेड ही वॉज सेलिंग हिज बाइक.’

प्रश्न सांगताना शब्दांचा क्रमही बदलतो. ‘ही आस्क्ट मी वेअर वॉज आय’ चूक, ‘ही आस्क्ट मी वेअर आय वॉज’ बरोबर. आणि ‘वी डिस्कस्ड अबाउट’ मधला ‘अबाउट’ काढून टाका.

हे नियम वाचून येत नाहीत. मी एकच व्यायाम करायला लावतो आणि त्याला पर्याय मला अजून सापडलेला नाही. मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. कालचे मराठी मेसेज एकेक वाचा आणि प्रत्येक मेसेज तिसऱ्याच माणसाला सांगतोय असं समजून मोठ्याने इंग्रजीत सांगा.

‘मी आज येत नाही, पोट बिघडलंय’ असं आलं असेल तर: ‘ही सेड ही वॉजन्ट कमिंग बिकॉज ही हॅड ॲन अपसेट स्टमक.’

‘शनिवारी कोण कोण येतंय?’ हा मेसेज मैत्रिणीचा असेल तर: ‘शी आस्क्ट हू वॉज कमिंग ऑन सॅटर्डे.’

‘पाचशे रुपये पाठव ना, उद्या देतो’: ‘ही आस्क्ट मी टू सेंड हिम फाइव्ह हंड्रेड रुपीज अँड प्रॉमिस्ड टू पे मी बॅक द नेक्स्ट डे.’

तिसरं वाक्य नीट पाहा. विनंती असली की ‘आस्क्ट मी टू’, आणि वचन असलं की ‘प्रॉमिस्ड टू’. उधारी, आमंत्रण, तक्रार, फुशारकी, सगळं त्या ग्रुपमध्ये रोज येत असतं. दुकानातल्या कुठल्याही पुस्तकात इतकं जिवंत साहित्य मिळणार नाही, आणि ते तुमचंच असल्यामुळे परीक्षेत आपोआप आठवतं. सुरुवातीला प्रत्येक वाक्याला थांबावं लागेल. थांबा, पण मनातल्या मनात करू नका. माणूस आणि काळ एकदम बदलायची सवय मोठ्याने बोलल्यावरच लागते.

‘ही सेड, आय ॲम सेलिंग माय बाइक’ असं मित्राचे शब्द जसेच्या तसे सांगणंही चुकीचं नाही, पण मग ‘सेड’नंतर स्पष्ट थांबा आणि आवाज बदला. सगळं उत्तर असंच दिलंत तर मात्र वर सांगितलेली रचना तुम्हाला येते हे दिसणारच नाही.

उच्चार: भूतकाळाची शेपटी

प्रसंग सांगायचा म्हणजे भूतकाळी क्रियापदं येणार आणि आपण ती लिहिल्यासारखी उच्चारतो. ‘टॉकेड’, ‘लाफेड’, ‘आस्केड’ असं काही नसतं. टॉक्ट, लाफ्ट, आस्क्ट, कॉल्ड, प्लॅन्ड. मूळ शब्दाच्या शेवटी ट किंवा ड असेल तरच जास्तीचं अक्षर येतं: वॉण्टिड, डिसायडिड. परदेशी ढब आणायच्या भानगडीत पडू नका. मराठी वळणाच्या बोलण्याला गुण कमी होत नाहीत, न कळणाऱ्या बोलण्याला होतात.

म्हणी-वाक्प्रचारांच्या याद्या

सोडा. ‘स्पिल द बीन्स’ कुठेतरी घुसवायचंच म्हणून घुसवलेलं उत्तर कानाला लगेच खटकतं.

रेकॉर्ड करा, पण लगेच ऐकू नका

फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं की आपल्याला काय म्हणायचं होतं तेच ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी ऐकताना एकच चूक धरा, उदाहरणार्थ फक्त काळ. सगळ्या चुका एकदम शोधायला बसलात की मन खट्टू होतं आणि सराव सुटतो.

जोडीदार

प्रश्न कोणीतरी उलटसुलट क्रमाने विचारायला हवेत. घरातलं कोणीही चालेल, इंग्रजी उत्तम असण्याची गरज नाही. जोडीदाराला एकच काम सांगा: ऐकून झाल्यावर ‘गाडी कोणाची होती?’ असं मराठीत विचारायचं. तुमच्या इंग्रजीतून त्याला ते कळलं नसेल तर ‘ही’ आणि ‘आय’ची गल्लत अजून होतेय.

एका प्रश्नाला तीन-चार वाक्यं पुरे. पहिल्या भागात भाषण ठोकू नका. तोच प्रसंग लांबवून सांगायची संधी दुसऱ्या भागात मिळू शकते. तिथे १ मिनिट तयारी आणि १ ते २ मिनिटं सलग बोलणं असतं, आणि मित्राशी झालेलं एखादं संभाषण सांगा, असं विषयाचं कार्ड हातात आलं तर तुमचं टिपण तयार आहेच. तिसऱ्या भागात मात्र हा प्रसंग चालत नाही. तिथे लोक समोरासमोर कमी का बोलतात, फोनमुळे मैत्री बदलली का, असे सर्वसाधारण प्रश्न येतात. तिथे आधी मत आणि मग गरज पडली तर उदाहरण.

खोलीत गेल्यावर

प्रश्न कळला नाही तर ‘सॉरी, कुड यू रिपीट दॅट?’ म्हणा, अंदाजाने उत्तर देऊ नका. चूक झाली आणि लगेच लक्षात आली तर तेवढा शब्द दुरुस्त करा आणि पुढे चला. वाक्य पहिल्यापासून म्हणू नका, त्याने ओघ तुटतो. परीक्षकाने मध्येच थांबवलं तर घाबरू नका. त्याला वेळेत सगळे प्रश्न संपवायचे असतात. गाडीची गोष्ट अर्धी राहिली तर राहू द्या आणि पुढचा प्रश्न नीट ऐका.